कोपरा फाटलेलं कार्ड

मलकापूर,
ता. २० ऑगस्ट १९७४

शालन,

आशीर्वाद हायतच. ते दर पत्रात लिहीत न्हाय, धरून चाल.

तुझं पत्र पोचलं. चार पानं लिहिलीस आन् त्यात जेवतीस काय ते एका ओळीत न्हाय. मामाचं घर असलं तरी दुसऱ्याचं घर हाय, भांडी घासून राहा. तुझ्या मामीला तोंड हाय. माझ्यापेक्षा कमी हाय, पण हाय. तुझ्या आईबापाचं हातकणंगल्यास्नं दोन महिने पत्र न्हाय. रेल्वेत लागला की माणूस शिट्टीशिवाय बोलत न्हाय वाटतं.

मॅट्रिकला इंग्रजीत छत्तीस मार्क पाडलंस ते गल्लीत मीच सांगितलं. लोकांनी सांगायच्या आधी आपण सांगितलं की त्यांची मजा जाते. आता नर्सिंगच्या परीक्षेला तेच इंग्रजी आडवं आलंय, तर नीट शीक.

तुझा शमशुद्दीन मास्तर जर-तरची वाक्यं घोकून घेतो म्हणून लिहिलंस. पाऊस आला तर मी जाणार न्हाय. मी पाखरू असते तर उडाले असते. दवाखान्यात सुई टोचायला पाखरू कशाला व्हायला पायजे ते मला कळलं न्हाय. मास्तराला माझं एक वाक्य दे. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. हे इंग्रजीत करून दाखवा म्हणावं, मग फी घ्या.

हिकडं वाईट झालं. शेजारच्या धोंडुबाईचा मुंबईचा भाऊ केरबा गेला. दोन महिनं दवाखान्यात हुता. त्याची पत्रं माझ्याच नावावर येत्यात, कारण धोंडीला अक्षर कळत न्हाय. गल्लीतली समदी पत्रं मीच वाचते, तुला ठाऊक हाय. काल कार्ड आलं, कोपरा फाटलेला. मेल्याची खबर असली की कोपरा फाडून धाडत्यात, आन् ते कार्ड घरात न्यायचं न्हाय. दारातच बघितलं, चार तुकडं केलं, उकिरड्यावर टाकलं आन् डोक्यावरनं पाणी घेतलं. धोंडीला सुतकाचा कडू घास मीच भरवला. तीन दिवस तिची चूल पेटायची न्हाय, भाकरी हितनं जाते.

अभ्यास कर.

तुझी आज्जी

*

शिवाजी पेठ, कोल्हापूर,
ता. २५ ऑगस्ट १९७४

आज्जी,

तुझ्या पाया पडते.

केरबाकाकांचं वाचून वाईट वाटलं. लहानपणी ते मुंबईहून आले की मला खांद्यावर घेऊन बाजारात न्यायचे. धोंडुआत्याला जप.

तुझं वाक्य मास्तरांना दिलं. ते चष्मा काढून इतके हसले की आतून त्यांच्या पत्नी मेहमुदा चाची बघायला आल्या. मग त्यांनी आम्हा सगळ्या मुलींना ते इंग्रजीत करायला लावलं. कुणाचंच धड आलं नाही. मी केलं त्यात आत्याबाईला मिशा कालच आल्या होत्या, असा अर्थ झाला म्हणे. मास्तर म्हणाले, "तुझ्या आज्जीला म्हणावं, बाई, फी पोचली."

जर-तर तीन तऱ्हेचं असतं. एक होण्यासारखं. एक होणं अवघड असलेलं. तिसरं, जे होऊन गेलं आणि आता बदलता येत नाही. तिसरं सगळ्यात अवघड आहे, त्यात क्रियापदं एकामागे एक डब्यासारखी जोडावी लागतात. मी रोज वीस वाक्यं लिहिते.

आता कामाचं. परीक्षा १५ सप्टेंबरला आहे. तिचं बोलावणं मलकापूरच्या पत्त्यावर येणार, कारण रहिवासाचा दाखला तिथला आहे. फॉर्म मास्तरांनीच भरला आणि त्यांनीच पेटीत टाकला. त्यांची नात मलिका माझ्याबरोबर परीक्षेला बसते आहे. तिचं बोलावणं सोमवारी आलं. माझंही त्याच सुमाराला यायला हवं होतं. साधं पोस्टकार्ड असतं, सगळं इंग्रजीत छापलेलं, खाली जांभळा शिक्का. ते दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. आलं असेल तर लगेच पाकिटात घालून पाठव. आज्जी, हे विसरू नकोस. पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही.

तुझी
शालन

*

मलकापूर,
ता. २९ ऑगस्ट १९७४

शालन,

कार्ड आलं न्हाय.

पोस्टमन नवा हाय, गोठ्यात पत्रं टाकून जातो. पण आलं न्हाय ते न्हाय. मला दोनदा विचारू नकोस.

हिकडं भुईमूग बरा हाय. शेळी व्याली, दोन करडं झाली, एक काळं एक बांडं. धोंडीचं बरं हाय. केरबाचं पुन्हा पुन्हा काढून बसती, मी तिला म्हटलं, गेलेल्या माणसाचं किती उगाळायचं.

आन् त्या मास्तराला विचार की फॉर्म पेटीत टाकला का कोटाच्या खिशात ऱ्हायला. म्हातारी माणसं. त्यांच्या ध्यानात काय ऱ्हातंय. नातीचा तेवढा बरा ध्यानात ऱ्हायला.

आज्जी

*

शिवाजी पेठ, कोल्हापूर,
ता. ६ सप्टेंबर १९७४

आज्जी,

हे पत्र मी माळ्यावर बसून लिहिते आहे. खाली मामा आहे.

तुझं पत्र मामीनं वाचलं आणि मामाला दाखवलं. मामा जेवता जेवता उठला आणि मास्तरांच्या दारात गेला. मीही मागून गेले. मास्तर आमच्यासारख्याच चार मुलींना शिकवत होते. मामा रस्त्यावरूनच बोलला, "स्वतःच्या नातीचा फॉर्म पोचला आणि आमच्या भाचीचा न्हाई. ह्यो कुठला हिशेब, मास्तर?" समोरच्या तालमीतली माणसं बाहेर येऊन उभी राहिली.

मास्तर म्हणाले, "पिराजीराव, मी दोन्ही पाकिटं एकदमच टाकली."

मामा म्हणाला, "टाकली का टाकल्यासारखं वाटतंय?"

मास्तरांनी हातातलं पुस्तक मिटलं. म्हणाले, "आता तुम्ही इतकं म्हणताय तर... माझं वय झालंय. असेलही चुकलं." मग त्यांनी सगळ्यांसमोर कोटाचे खिसे उलटे करून बघितले. पुस्तकाचं कपाट उघडून एकेक पुस्तक झाडलं. मलिका भिंतीला टेकून उभी होती, तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शिकवणी बंद केली. मुलींना सांगितलं, माझ्या भरवशावर राहू नका. चाची सांगत होत्या की ते दुकानातून आले की पिशवी पुन्हा पुन्हा तपासतात, दाराला कडी लावून परत बघायला जातात.

मी एकटीच वाक्यं लिहिते. पण आता कशासाठी ते कळत नाही. नऊ दिवस राहिले आहेत.

आज्जी, पोस्टात जाऊन एकदा विचारशील का?

शालन

*

मलकापूर,
ता. ९ सप्टेंबर १९७४

शालन,

पोस्टात विचारायचं काय न्हाय. कार्ड आलं हुतं. मी फाडलं.

आता सरळ लिहिते, मधी थांबले तर पुन्हा खोटं लिहीन.

त्या दिवशी मी शेंगा निवडत हुते. गोठ्यात कार्ड पडलेलं दिसलं. उचललं तर कोपरा न्हाय, आन् समदं इंग्रजी छापलेलं. एक अक्षर कळलं न्हाय. तेवढ्यात धोंडी उंबऱ्याशी आली. तिनं कोपरा बघितला. म्हनली, "बायडे, माझा केरबा तर न्हवं?"

मी दुसरी यत्ता शिकलेली बाई. पन्नास वर्सं ह्या गल्लीत लोक माझ्यापुढं पत्र घेऊन बसत्यात. कुणाची पोर नांदत न्हाय, कुणाच्या पोराला नोकरी लागली, समद्यांत आधी मला कळतं. सुना मला घाबरत्यात ते त्याच्यामुळं. त्या वक्ताला एवढंच म्हणायचं हुतं, धोंडे, मला हे वाचता येत न्हाय. तेवढं तोंडातनं आलं न्हाय. कार्ड डोळ्यापुढं धरून वाचल्यासारखं केलं. मनात म्हटलं, केरबा दवाखान्यात हाय, दवाखान्याचं छापील कार्ड असंल, दुसरं कोण मरणार हाय. मान खाली घातली. धोंडीनं ते व्हय म्हणून घेतलं आन् दारातच बसली.

मी काय बोलले न्हाय. न बोलता माणूस मारला.

तुझं पत्र आलं, इंग्रजी कार्ड, जांभळा शिक्का, तवा पत्र तिथंच टाकून उठले. जांभळा शिक्का मी बघितला हुता. उकिरडा हातानं उकरला. दोन तुकडं मिळालं, भिजून लगदा झालेलं. बाकीचं शेळीनं खाल्लं असंल. कोपराही तिनंच खाल्लेला. परवा तुझं पत्र गोठ्यात पडलं तर मी पोचेपर्यंत तिनं त्याचा एक कोपरा चावला. बघत उभी ऱ्हायले. अक्कल शेळीकडनं यायची ती अशी.

तरी तुला लिहिलं, आलं न्हाय. वर मास्तराचं नाव घेतलं. ती ओळ लिहिताना मला ठाऊक हुतं मी काय करते. ते तुला कळू दे.

आज सकाळी केरबाचं पत्र आलं. त्याच्या हातचं. ताप उतरला, घरी सोडलं, दिवाळीला येतो, धोंडीला चोळीचा खण आणू का लुगडं. कार्ड घेऊन चुलीपुढं बसले. चूल पेटलेली हुती. हात लांब केला तर संपत हुतं समदं. पण दिवाळीला तो दारात उभा ऱ्हाणार, त्याला कुठल्या चुलीत घालू. आन् तुझं पत्र तिथंच पडलेलं, मास्तरानं खिसं उलटं केल्याचं.

धोंडीला हाक मारली आन् पत्र वाचून दाखवलं. पहिल्या ओळीपासनं सहीपर्यंत. मग ते दुसरं सांगितलं.

ती रडली न्हाय, हसली न्हाय. म्हनली, "कडू घास तू भरवलास की गं. ह्या हातानं." माझा हात धरून मलाच दाखवला. केरबाचं पत्र कनवटीला लावलं आन् गेली.

एक जर-तर मलाही सुचलंय. मला वाचता येत न्हाय असं त्या दिवशी म्हटलं असतं, तर. पुढचं लिहीत न्हाय. ते इंग्रजीत करू नकोस.

हे पत्र आज टाकते, पण मी त्याच्या आधी पोचते का मागनं ते एस.टी.वर हाय. उद्याची पहिली गाडी. आधी मास्तराच्या घरी जाणार. तू तिथं येऊ नकोस. पिराजी पावण्यास्नीही आणू नकोस, त्यांच्याकडं मागनं बघते.

आज्जी

*

शिवाजी पेठ, कोल्हापूर,
ता. १७ सप्टेंबर १९७४

आज्जी,

परीक्षा दिली.

तू मास्तरांकडून निघालीस ती मामाकडे आलीस, उभ्या उभ्या त्याला म्हणालीस, "पावणं, खोटी मी. मास्तराच्या दारात जावा आणि जेवढ्या मोठ्यानं बोललासा तेवढ्याच मोठ्यानं हे सांगा," आणि स्टँडवर गेलीस. मला नीट बोलताही आलं नाही. तुझं पत्र दुसऱ्या दिवशी मिळालं.

मामा गेला. मोठ्यानं मात्र बोलला नाही.

मास्तरांनी त्याच दिवशी इंग्रजीत अर्ज लिहिला, घरातल्या माणसाकडून चुकीनं कार्ड फाटलं म्हणून. खाली तुझी सही आहे. बायडाबाई, मोठ्या अक्षरात, ओळीच्या बाहेर गेलेली. तो अर्ज घेऊन ते माझ्याबरोबर दवाखान्याच्या कचेरीत आले. दोन हेलपाटे झाले. परीक्षेच्या दिवशीही आले. वहीत माझं नाव होतं, म्हणजे फॉर्म पोचला होता. ते नाव दिसल्यावर मास्तर बाकावर बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. पण नाव शोधून, साहेबांची सही होऊन मला आत सोडेपर्यंत अर्धा तास गेला. बाकीच्यांचं एक पान लिहून झालं होतं.

जर-तरची पाच वाक्यं होती. तीन केली. दोन वेळेअभावी राहिली. दोन्ही तिसऱ्या तऱ्हेची होती.

मला तुझा राग आला आहे आणि तो गेलेला नाही. पण आणखी एक लिहायचं आहे. मामा रस्त्यावरून बोलत होता तेव्हा मी त्याच्या मागे उभी होते. मास्तरांनी फॉर्म टाकलाय हे मला ठाऊक होतं. पेटीपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले होते, दोन पाकिटं मी डोळ्यांनी बघितली होती. मी बोलले नाही. मामाच्या घरी राहते म्हणून. तू धोंडुआत्यापुढे गप्प राहिलीस तशीच. हे मी मास्तरांना परीक्षा झाल्यावर सांगितलं. ते म्हणाले, "मला दिसली होतीस तू."

तू त्यांना काय बोललीस ते ते सांगत नाहीत. चाची एवढंच म्हणाल्या की बाईनं चहा घेतला नाही.

शालन

*

मलकापूर,
ता. १२ ऑक्टोबर १९७४

शालन,

तुझा राग ठेव. लवकर गेला तर मला वाटंल तू ऐकलंच न्हाईस.

मास्तराच्या घरी काय झालं ते तुला कळलं न्हाय म्हणून लिहिलंस. लांबलचक काय न्हाय. मी सांगितलं, ते ऐकत ऱ्हायले. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. ते म्हनले, "बाई, आठ दिवस मी माझ्याच डोक्यावर संशय घेतला. रात्री उठून कपाट बघितलं. कार्ड नवं मागता येईल. हे कसं परत देणार?" मेहमुदाबाईंनी चहा पुढं ठेवला. कप उचलला आन् तसाच परत ठेवला. आता तुझा मास्तर पुन्हा शिकवतो, ते तू लिहिलं न्हाईस, पण पिराजी पावण्यांनी कळवलं. कडी अजून दोनदा बघत असतील का, ते मात्र कुणी कळवलं न्हाय.

हिकडं धोंडी महिनाभर आली न्हाय. गल्लीत कळायचं ते कळलं. आता पत्रं पोस्टमास्तराकडं जात्यात. पलीकडच्या ज्ञानूची सून परवा माझ्या दारावरनं कार्ड पदराखाली झाकून गेली. मी शेंगा निवडत हुते, वर बघितलं न्हाय.

काल पोस्टमननं हातात कार्ड दिलं. गोठ्यात टाकू नकोस म्हणून त्याला दम दिलाय. इंग्रजी छापलेलं, जांभळा शिक्का, चारी कोपरं शाबूत. मी दारात उभी. समोर भिंतीपलीकडं धोंडी तांदूळ पाखडत हुती. महिन्यानं तोंड उघडलं तिनं. म्हनली, "ह्या खेपेला कोण मेलं?"

गल्लीत चार बायका हुत्या. मी म्हटलं, "धोंडे, मला हे वाचता येत न्हाय."

तिनं सूप खाली ठेवलं. पदर कमरेला खोचला. "मग उभी काय ऱ्हायलीस. चल पोस्टात."

वाटंत माझ्या पुढंच चालली. पोस्टात गर्दी हुती. पोस्टमास्तरानं आधी स्वतःशी वाचलं, मग मोठ्यानं सांगितलं. पहिल्या यादीत तुझं नाव न्हाय. दुसऱ्या यादीत हाय, तिसरं. पहिल्या यादीतली कुणी महिन्याअखेर हजर झाली न्हाय, तर तुला बोलावणार. मी म्हटलं, "हे तर आमच्या शालनचं जर-तर झालं." त्याला कळलं न्हाय.

दोन वाक्यं राहिली म्हणून लिहिलंस. ती माझ्या नावावर लिही. गल्लीत कुणी विचारलं पहिल्या यादीत का न्हाय, तर मी सांगते, माझ्यामुळं. तीनदा सांगून झालं. दर बारी पहिल्याइतकंच जड जातं. सवय होईल वाटलं हुतं, होत न्हाय.

येताना धोंडी बोलली. "दिवाळीला केरबा येतोय. त्याच्यापुढं तूच सांगायचं. मी न्हाय सांगणार." मी व्हय म्हटलं. मग चार पावलं गेल्यावर म्हनली, "पोर जाईल का गं नर्सिंगला?"

मी म्हटलं, "आत्याबाईला मिशा फुटायची वाट बघायची."

ती हसली न्हाय. पण माझ्या दारापतोर आली.

कार्ड ह्या पाकिटात घातलंय. आधी मास्तरास्नी दाखव. पोस्टमास्तरानं बरोबर वाचलं का, ते त्यांनी सांगितलं की मला कळव. मला कळायला दुसरा मार्ग न्हाय.

आज्जी